सरडा किती जवळ येऊ देतो?

बेंगळुरूचे शिवाजीनगर बाजार, बस स्थानक आणि माणसांची दाटी यांसाठी ओळखले जात असले, तरी तेथून पायी गाठता येणाऱ्या कब्बन पार्कात आणि शहरभरच्या पडीक भूखंडांवर, दगडी कुंपणांवर सरडे तग धरून आहेत. झुडपांतला बागसरडा सर्वत्र दिसतो; छायाचित्रकारांना भुरळ घालतो तो मात्र ‘सॅमोफिलस डॉर्सालिस’ हा खडकसरडा, कारण विणीच्या हंगामात त्याचा नर पाहता पाहता रंग पालटतो.

या रंगपालटाचा अभ्यास बेंगळुरूच्याच भारतीय विज्ञान संस्थेत अनुराधा बटब्याल आणि मारिया ठाकर यांनी केला. मादीसमोर नराची पाठ लाल आणि कुशी काळ्या होतात, तर प्रतिस्पर्धी नरासमोर पाठ पिवळी आणि कुशी नारिंगी होतात. शहरी नरांचे रंग ग्रामीण नरांपेक्षा फिके असून पालटण्याचा वेगही मंद असतो, असे २०१७ मध्ये त्यांनी दाखवून दिले. तेव्हा छायाचित्रातला रंग ही त्या प्राण्याची त्या घटकेची अवस्था असते, आणि पकडून किंवा थंडाव्यात ठेवून सुस्त केलेल्या सरड्याचे चित्र कितीही रेखीव आले, तरी त्याला निसर्गचित्र म्हणणे ही शुद्ध फसवणूक आहे.

निकटचित्रणासाठी मॅक्रो लेन्स, म्हणजे वस्तूची मूळ आकाराइतकी प्रतिमा संवेदकावर उमटवू शकणारे भिंग, वापरतात. १०० मिलिमीटरच्या अशा भिंगाने पूर्ण आकाराची प्रतिमा मिळवायची, तर सरडा भिंगाच्या तोंडापासून वीतभरापेक्षाही कमी अंतरावर यावा लागतो. शिवाय त्या वेळी दृश्यखोली, म्हणजे चित्रात स्पष्ट दिसणाऱ्या पट्ट्याची जाडी, एफ/११ या छिद्रमानावरही दीड मिलिमीटरच्या आतच राहते, त्यामुळे डोळा टिपला की नाकाडाचे टोक धूसर होते. शेपटीसह फूटभर लांबीचा खडकसरडा अख्खा टिपण्यासाठी इतक्या जवळीकीची गरजच नसते. तेथे लांब पल्ल्याचे भिंग, सरड्याच्या डोळ्याच्या पातळीवर आलेला कॅमेरा आणि सकाळचे तिरपे ऊन पुरेसे होते.

जवळ जाता येणे हे नेहमीच सरड्याच्या सुस्थितीचे लक्षण मानता येत नाही. सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडीच्या पठारावर ‘सरडा सुपर्बा’ ही पंख्यासारखा निळा-काळा-नारिंगी गळा फुलवणारी जात आढळते. २०१६ मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले आणि तिच्या नावातला ‘सरडा’ हा शब्द थेट मराठीतून घेतला गेला. ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांच्या २०१८ च्या अभ्यासानुसार तेथील पवनचक्क्यांच्या परिसरात शिकारी पक्षी घटले, सरड्यांची संख्या वाढली आणि ते माणसाला अधिक जवळ येऊ देऊ लागले. पण त्यांची शरीरस्थिती खालावली आणि नरांच्या गळ्याचे रंगही फिके पडले. छायाचित्रकाराला जी सोय वाटते, ती पठारावरच्या बिघाडाची खूण ठरते. बेंगळुरूतही शहरालगतचे खडकसरडे ग्रामीण सरड्यांपेक्षा माणसाला अधिक जवळ येऊ देतात, असे आढळले आहे.

म्हणून सरड्याच्या छायाचित्राखाली जात, ठिकाण आणि भिंग यांच्या जोडीला वेळ, त्याचे चाललेले वर्तन आणि तो कोणत्या अंतरावर पळाला हेही लिहावे. कब्बन पार्कात रविवारी कॅमेरा घेऊन फिरणाऱ्यांनी एवढ्या तीन नोंदी ठेवल्या, तरी अभ्यासकांना त्या उपयोगी पडतील.