अंतरपाटासमोर कॅमेऱ्यांच्या पाठी

शिरूर-दौंड पट्ट्यातल्या मंगल कार्यालयांत मंगलाष्टके सुरू झाली, की मागच्या वऱ्हाडाला नवरा-नवरी दिसतातच असे नाही. दिसतात त्या फोटोग्राफरांच्या पाठी! वर क्रेनचा हात फिरत असतो. गोरज मुहूर्त असेल, तर मे महिन्यात सातच्या सुमारास सूर्य मावळतो आणि तोवर नवरीची ‘एंट्री’ पुन्हा शूट होत असते.

हे ज्यांना खटकते, असे लोक वाढले आहेत. 2025 मध्ये मराठा समाजाच्या बैठकांतून लग्नाची आचारसंहिता पुढे आली. वेळेवर लग्न, मोजकी माणसे यांबरोबरच त्यात प्री-वेडिंग शूटलाही नकार होता.

बंदीपर्यंत जायची गरज नाही. जोडप्याचे निवांत फोटो मुहूर्ताआधीच, उन्हे कलल्यावर काढावेत. दुपारच्या डोक्यावरच्या उन्हात डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात. अक्षतांच्या वेळी स्टेजवर एकच कॅमेरा, तोही कडेला. दुसऱ्याने मांडवातून लांब पल्ल्याची, 70-200 ची लेन्स वापरावी. सप्तपदी, कन्यादान ‘परत करा’ म्हणायचे नाही, हे सुपारी देतानाच ठरवावे.

खरा वेळ जातो तो ग्रुप फोटोंत. एका ग्रुपला दोन मिनिटे धरली, तरी तीस ग्रुपांना तास लागतो. यादी आधी करावी आणि भावकीतली सगळी नाती ओळखणारा एखादा खमक्या मामा स्टेजपाशी उभा करावा; कुठल्या आत्या रुसतील हे फोटोग्राफरला कसे कळणार? पुढाऱ्यांच्या सत्काराचे फोटो मात्र कुठल्याच यादीत बसत नाहीत.