फूलबागेतील अदृश्य गर्दी

ग्वाल्हेरची फूलबाग ज्यांनी पाहिली आहे, त्यांना तिचे एक वैशिष्ट्य निराळे सांगावयास नको. गोपाळमंदिर, मोती मशीद, गुरुद्वारा आणि थिऑसॉफिकल लॉज ही चार ठिकाणे तेथे एकमेकांच्या शेजारी उभी आहेत. माधवराव शिंदे यांच्या कारकिर्दीत, १९२२ साली, प्रिन्स ऑफ वेल्सच्या ग्वाल्हेर-भेटीच्या निमित्ताने ही बाग नावारूपास आली. जवळच राणी लक्ष्मीबाईंची समाधी आहे. जन्माष्टमीला गोपाळमंदिरातील राधाकृष्णांच्या मूर्तींवर संस्थानी काळातील रत्नजडित अलंकार चढविले जातात आणि पोलिसांच्या बंदोबस्तात दर्शनाची रांग लागते. जून महिन्यात राणीच्या बलिदानदिनी समाधीपाशी मेळा भरतो. देवळातील घंटा, मशिदीतील बांग आणि गुरुद्वाऱ्यातील शबद एकाच हवेतून जातात. आवाज कानाला ऐकू येतो, म्हणून एकाने दुसऱ्याची वेळ सांभाळावी ही रीत माणसाला आपोआप सुचते.

त्याच हवेत गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आणखी एक गर्दी दाटली आहे. ती डोळ्यांना दिसत नाही आणि कानांना ऐकू येत नाही. त्यामुळे तिच्या बाबतीत कोणतीही रीत अद्याप आपल्या अंगवळणी पडलेली नाही. ही गर्दी रेडिओलहरींची. तिचा फटका पुष्कळदा बसतो तो आपल्या घरच्या मंगल कार्यात उभ्या असलेल्या छायाचित्रकाराच्या फ्लॅशला. विषय लहान दिसतो; परंतु आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेर वसलेल्या घरांत लग्नामुंजींची छायाचित्रे हा पिढ्यांचा दस्तऐवज असतो. पणजोबांची पगडी कशी होती आणि पणजीची नथ केवढी होती, हे आम्हांला पुष्कळदा छायाचित्रांवरूनच कळले आहे. म्हणून या लहान विषयाकडे थोडे बारकाईने पाहणे आवश्यक वाटते.

पूर्वी कॅमेरा आणि फ्लॅश यांना जोडणारी एक तार असे. शटर उघडले की तारेतून इशारा जाई आणि दिवा चमके. तार पायांत येई, मुले तीत अडखळत. परंतु तिने पोहोचविलेला इशारा वाटेत दुसऱ्या कोणाला मिळत नसे. नंतर प्रकाश पाहून चमकणारे ‘स्लेव्ह’ आले. एक फ्लॅश चमकला की त्याच्या प्रकाशाने दुसराही चमके. यातली अडचण अशी की, मामांनी हौसेने आणलेल्या कॅमेऱ्याचा फ्लॅश चमकला तरी हा आज्ञाधारक सेवक त्यालाही साथ देई. पुढे बिनतारी ट्रिगर रुळले. कॅमेऱ्याच्या माथ्यावर एक लहानशी डबी बसवावयाची. शटर दाबताच तिच्यातून रेडिओलहर निघते, आणि मांडवाच्या दोन्ही कोपऱ्यांत स्टँडवर उभे केलेले फ्लॅश एकदम उजळतात.

बिनतारी लहरीने दूरवर काही पेटविण्याचा प्रयोग आपल्या देशाला नवा नाही. १८९५ च्या सुमारास कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये जगदीशचंद्र बोस यांनी अतिशय आखूड रेडिओलहरी सोडून दूरची घंटा वाजवून दाखविली आणि बंदुकीची दारू पेटविली. मांडवातील फ्लॅश हा त्या प्रयोगाचाच वंशज म्हणावयाचा. फरक इतकाच की, बोसांच्या त्या सभागृहात लहर सोडणारे यंत्र एकटेच होते.

कार्तिकी एकादशीला, म्हणजे इकडच्या बोलीत देवउठनी ग्यारसेला, ग्वाल्हेरात लग्नांची झुंबड उडते. एकाला लागून एक अशा मॅरेज गार्डनांतून एकाच रात्री वराती उतरतात. अशाच एका मुहूर्तावर आम्ही एका मराठी लग्नास उपस्थित होतो. मंगलाष्टके चालू असता मांडवातील फ्लॅश अधूनमधून उगाचच चमकत होते. भटजी एकदा डोळ्यांवर हात धरून थांबले. मंडळींना वाटले, पोरगा यंत्राशी खेळतो आहे. अखेर ‘सावधान’ झाले, अंतरपाट सरला, अक्षता उडाल्या, आणि नेमके त्या वेळी फ्लॅश मिटून राहिले. वधूच्या आजींनी अक्षतांसाठी हात उंचावला होता. त्या चित्रात फक्त काळोखी आकृती उमटली. आजींचे वय ब्याऐंशी. तो क्षण पुन्हा मांडून घेता येण्यासारखा नव्हता. छायाचित्रकार विशीतला मुलगा. कपाळावरचा घाम पुशीत तो इतकेच म्हणाला, “सर, ट्रिगर धोखा दे गया.” वधूच्या काकांनी त्याच्या मजुरीतून रक्कम कापण्याचे तेव्हाच जाहीर केले.

थोड्या वेळाने उलगडा झाला. भिंतीपलीकडच्या लग्नातील छायाचित्रकाराकडेही त्याच बनावटीचा ट्रिगर होता, आणि दोघांचेही यंत्र कारखान्यातून येते तसे पहिल्याच चॅनेलवर होते. पलीकडच्याने बटण दाबले की अलीकडचे फ्लॅश चमकत. पूर्ण ताकदीने चमकलेल्या फ्लॅशला पुन्हा भरून येण्यास एक-दोन सेकंद लागतात. अंतरपाट सरला तेव्हा अलीकडचे फ्लॅश नुकतेच पलीकडच्या वरासाठी चमकून रिकामे झाले होते. मुलाने चॅनेल बदलले आणि पुढची सप्तपदी निर्विघ्न पार पडली. काकांनीही नंतर मजुरी पुरी दिली, ही गोष्ट त्यांच्या लौकिकाला शोभणारीच झाली.

हा झाला व्यत्ययाचा एक प्रकार: आपल्याच जातीच्या यंत्राने आपल्या यंत्राला हाक मारणे. दुसरा प्रकार अधिक गूढ आहे. तेथे फ्लॅश भलत्या वेळी चमकत नाही. हवा तेव्हा चमकत नाही. तो समजण्यासाठी ही यंत्रे कोणत्या वाटेने बोलतात ते पाहिले पाहिजे.

रेडिओ ऐकण्यासाठी डाकघरात परवान्याचे शुल्क भरण्याचे दिवस ज्येष्ठ वाचकांना आठवत असतील. १९३३ च्या बिनतारी तारायंत्र कायद्यामुळे परवान्यावाचून बिनतारी यंत्र बाळगणे गुन्हा होता. पुढे काही लहरी सर्वांसाठी मोकळ्या केल्या गेल्या. २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ हा पट्टा भारत सरकारने जानेवारी २००५ च्या नियमांनी ठराविक शक्तीच्या मर्यादेत परवानामुक्त केला. हा पट्टा म्हणजे लहरींचे गायरान आहे. येथे कोणीही आपली गुरे सोडावी, कोणास मज्जाव नाही. मात्र ‘माझे गवत दुसऱ्याच्या गाईने खाल्ले’ अशी तक्रार घेऊन कोणी चावडीवर जाऊ शकत नाही. नियमातच तसे म्हटले आहे: वापर सामाईक आहे, आणि दुसऱ्याच्या व्यत्ययापासून संरक्षण मिळणार नाही.

या गायरानात कोण कोण चरते? घराघरांतील वायफाय, मोबाइलचे आणि कानांतील यंत्रांचे ब्लूटूथ, अनेक ड्रोन, काही बिनतारी मायक्रोफोन आणि बहुतेक आधुनिक फ्लॅश-ट्रिगर. स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्ह भट्टीही २४५० मेगाहर्ट्झच्या आसपास चालते. तिच्या दारातून झिरपणारी अल्पशी लहर जवळच्या यंत्राला गोंगाटासारखी भासते. वायफायला या पट्ट्यात आपल्याकडे तेरा चॅनेल आहेत असे म्हणतात खरे; परंतु प्रत्येक चॅनेल सुमारे वीस मेगाहर्ट्झ रुंद आणि दोहोंतील अंतर केवळ पाच मेगाहर्ट्झचे. त्यामुळे एकमेकांवर न चढता बसतील अशी चॅनेले साधारण तीनच निघतात: पहिले, सहावे आणि अकरावे. शेकडो पाहुणे आणि प्रत्येकाच्या खिशात एक मोबाइल, अशा मांडवात काय होत असेल याची कल्पना वाचकांनीच करावी.

येथे कोणीही विचारील की, याच गर्दीत पाहुण्यांचा मोबाइल विनातक्रार चालतो, मग फ्लॅशच का अडतो? आमच्या मते या प्रश्नाच्या उत्तरातच सारे मर्म आहे. वायफाय हे सभ्य यंत्र आहे. बोलण्यापूर्वी ते कानोसा घेते. दुसरा बोलत असेल तर थांबते. निरोप वाटेत बिघडला तर पुन्हा पाठविते. या थांबण्यात काही मिलिसेकंद जातात आणि आपल्याला ते जाणवतही नाहीत. फ्लॅशच्या ट्रिगरला ही सवड नाही. फ्लॅश वापरताना सामान्यतः शटर फार तर सेकंदाच्या दोनशेव्या किंवा अडीचशेव्या भागापुरते, म्हणजे चार-पाच मिलिसेकंद, उघडते. इशारा त्या अवधीत पोहोचला तर दिवा उपयोगी. पुढच्या क्षणी पोहोचला तर बारसे उरकल्यावर आलेली तार! लहरीच्या वेगाचा येथे दोष नाही. तीस मीटरचे अंतर ती सेकंदाच्या एक कोटीव्या भागात कापते. अडचण आहे ती गोंगाटात निरोप न कळण्याची आणि दुसऱ्यांदा सांगण्यास वेळ नसण्याची.

व्यत्यय नेहमी परक्याचाच असतो असेही नाही. कधी घरचाच भेदी निघतो. २००९ साली अमेरिकेतील पॉकेटविझार्ड या नामांकित कंपनीने नवे ट्रिगर बाजारात आणले. अमेरिकेत ते ३४० ते ३५४ मेगाहर्ट्झवर चालत. कॅननच्या काही फ्लॅशांना ते जोडले असता त्यांचा पल्ला फार घटतो, असा अनुभव छायाचित्रकारांना आला. शोध घेता असे आढळले की, त्या फ्लॅशच्या आतील विद्युतमंडलातूनच त्याच पट्ट्यात गोंगाट बाहेर पडत होता. ज्याच्यासाठी निरोप यावयाचा तोच निरोप्याच्या कानाशी ओरडत होता. युरोपात हीच यंत्रे ४३३ मेगाहर्ट्झवर चालत; तेथे हा त्रास बराच कमी होता. अखेर कंपनीने फ्लॅशवर चढविण्यासाठी लहरी रोखणाऱ्या कापडाचा एक अभ्राच काढला. इतक्या नव्या विद्येवर उतारा निघाला तो अभ्र्याचा, याची आम्हांला मौज वाटते.

तिसरी अडचण माणसांच्या देहाची. सुमारे बारा सेंटिमीटर लांबीची ही लहर पाण्याला शोषली जाते, आणि मनुष्यदेहात पाणी विपुल असते. कॅमेरा आणि फ्लॅश यांच्यामध्ये पाहुण्यांची दाट भिंत उभी राहिली की इशारा क्षीण होतो. म्हणून फ्लॅशचे ग्रहणयंत्र माणसांच्या डोक्यांच्या वर असावे. उलटपक्षी ट्रिगर फ्लॅशच्या अगदी निकट, हातभर अंतरावर असला तरी काही यंत्रे बधिर होतात. कानाशी ओरडले असता शब्द कळत नाहीत, तसेच ते. अशा वेळी ट्रिगरवर जवळच्या अंतरासाठी वेगळी सोय असल्यास ती वापरावी.

आता गृहस्थांनी आणि छायाचित्रकारांनी काय करावे, ते थोडक्यात सांगतो.

छायाचित्रकाराने मुहूर्तापूर्वी अर्धा तास शेजारच्या मांडवात जाऊन तेथील व्यवसायबंधूला विचारावे, “तुमचे चॅनेल कोणते?” आणि आपले दूरचे घ्यावे. ट्रिगरमध्ये स्वतंत्र ओळखक्रमांक देण्याची सोय असेल तर तो अवश्य द्यावा; म्हणजे चॅनेल एक असले तरी परक्याची हाक आपला फ्लॅश ऐकणार नाही. काही नव्या ट्रिगरांत मोकळी चॅनेले शोधून देणारी सोयही असते. ही परीक्षा रिकाम्या मांडवात करून भागत नाही. पाहुणे भरल्यावर ती पुन्हा करावी. दिवा लागला नाही की प्रथम बॅटरी पाहावी, मग अंतर, मग चॅनेल; क्षीण बॅटरीचे पाप पुष्कळदा लहरींच्या माथी मारले जाते. चित्राचा केवळ एक कडेचा पट्टा काळा येत असेल, तर शटरचा वेग मर्यादेपेक्षा अधिक ठेवलेला असण्याचा संभव मोठा. आणि जो क्षण पुन्हा येणार नाही त्यासाठी एक फ्लॅश कॅमेऱ्यावरच, किंवा जुन्या तारेने जोडलेला, हाताशी असू द्यावा. तारेची लाज वाटण्याचे कारण नाही.

गृहस्थांचे कर्तव्यही आहे. आपल्याकडील छायाचित्रकार बहुधा हिंदीभाषी मुले असतात. मंगलाष्टके किती म्हटली जातील, शेवटचे कोणते, अंतरपाट केव्हा सरेल, हे त्यांना ठाऊक नसते. घरातील एका जाणत्याने त्यांच्यापाशी उभे राहून आधी खूण करावी. घरात मायक्रोवेव्ह, मांडवात जास्तीचे वायफाय असेल तर ते मुहूर्ताच्या घटकेपुरते बंद ठेवावे. आणि एखादे चित्र काळोखे आलेच, तर ते पुसून टाकू देऊ नये. कॅमेऱ्याने मूळ नोंद संपूर्ण रूपात जपली असेल, तर संगणकावर ती बरीच उजळता येते. चित्र थोडे रवाळ दिसेल. परंतु आजींचा उंचावलेला हात त्यात ओळखू येईल. त्या लग्नातील ते चित्र मुलाने असेच उजळून दिले, आणि घरच्यांनी ते भिंतीवर लावले आहे.

कायदा जेथे संरक्षण देत नाही तेथे शेजारधर्मच उपयोगी पडतो. दोन मांडवांतील दोन मुलांनी दोन मिनिटे बोलून चॅनेल वाटून घेतले, तर त्या गायरानात दोघांचीही गुरे सुखाने चरतील. तेव्हा येत्या तुळशीच्या लग्नानंतर ज्यांच्या घरी कार्य असेल, त्यांनी पत्रिका, वाजंत्री आणि केळवणे यांच्या यादीत ही एक ओळ लिहून ठेवावी: ‘छायाचित्रकारास शेजारच्या मांडवात पाठविणे.’