तेल बदलताना इंजिनाची प्रकृती ओळखा

सोलापूर जिल्ह्यात साखर कारखान्यांचा गाळप हंगाम सुरू झाला म्हणजे ट्रॅक्टर व ट्रक ह्यांना उसंत उरत नाही. १९८० साली उजनी धरणाचे काम पूर्ण झाल्यानंतर भीमेच्या खोऱ्यात उसाचे क्षेत्र वाढत गेले आणि त्याबरोबर वाहतुकीचा भारही वाढला. तोडलेला ऊस वेळेवर काट्यावर पोहोचला नाही तर तो वाळतो व त्याचे वजन घटते. अशा वेळी इंजिन जाम झाले म्हणजे दुरुस्तीचा खर्च तर येतोच. शिवाय तोडणीची टोळी बसून राहते आणि फडातील ऊस उन्हात पडून राहतो. सांगोल्याची डाळिंबे किंवा सोलापूर बाजार समितीत येणारा कांदा वाहणाऱ्या ट्रकची गोष्टही याहून निराळी नाही. परंतु असे मोठे बिघाड बहुधा एकाएकी उद्भवत नाहीत. त्यांची सूचना पुष्कळदा आधीच तेलात उमटलेली असते. ती कशी ओळखावी, हे ह्या लेखात सांगितले आहे.

तेलात काय साठते?

इंजिनातील फिरते भाग एकमेकांवर प्रत्यक्ष घासत नाहीत. त्यांच्यामध्ये केसाच्या जाडीहूनही कितीतरी पातळ असा तेलाचा थर असतो. तरीही थोडीफार झीज होतेच, आणि तो कीस तेलात उतरतो. त्यातच जळलेल्या डिझेलची काजळी व हवेतून आलेली धूळ मिसळते. तेलाचा फिल्टर मोठे कण अडवितो. अतिसूक्ष्म कण मात्र त्यातून पार होतात आणि पुन्हा बेअरिंगपर्यंत जातात.

कीस कोणत्या धातूचा आहे, त्यावरून तो कोठून आला याचा अंदाज बांधता येतो. इंजिनाचा ठोकळा ओतीव लोखंडाचा असतो. असे ओतीव भाग सोलापूर येथील किर्लोस्कर फेरसच्या ओतशाळेतही तयार होतात. लायनर व रिंगाही लोखंडाच्या जातीच्या, तर क्रँक व गियर पोलादाचे. ह्या सर्वांचा कीस लोहचुंबकास चिकटतो. पिस्टन ॲल्युमिनियमचा आणि बेअरिंगचा अस्तर-धातू व बुश तांबे, शिसे, कथील ह्यांच्या मिश्रणाचे असतात. त्यांचा कीस चिकटत नाही. धूळही चिकटत नाही.

तेलावरून यंत्राची पारख करण्याची पद्धत नवी नव्हे. अमेरिकेतील एका रेल्वे कंपनीने १९४०च्या दशकातच आगगाडीच्या इंजिनातील तेलाची प्रयोगशाळेत धातूंसाठी तपासणी सुरू केली. आपल्या रेल्वेच्या डिझेल शेडमध्येही अशी तपासणी केली जाते. शेतकऱ्याजवळ प्रयोगशाळा नसते. परंतु एक लोहचुंबक त्यास पुष्कळ काही सांगू शकतो.

चुंबकाचा नट कोठे बसवावा?

चेंबरच्या तळाचा तेल सोडण्याचा नट चुंबक बसविलेलाही मिळतो. त्याचा उपयोग इंजिनात होतोच. परंतु गियर बॉक्स व मागील धुरा ह्यांत तो अधिक होतो. तेथे बहुतेक भाग पोलादी असतात आणि पुष्कळ वाहनांत तेथे फिल्टरच नसतो. कित्येक ट्रॅक्टरांना कारखान्यातूनच असा नट बसवून येतो. म्हणून नवा घेण्यापूर्वी आपला नट काढून पाहावा.

नट घेताना आटे व लांबी मूळ नटाशी जुळवून पाहावी. १९८०च्या दशकात निघालेले निओडिमियमचे चुंबक फार जोरकस असतात. पण त्यांतील साध्या जातीचे सुमारे ८० अंश सेल्सिअसच्या पुढे बळ गमावू लागतात. भार ओढणाऱ्या इंजिनातील तेल १०० अंशांच्या आसपास तापते. म्हणून अधिक उष्णता सोसणाराच चुंबक मागावा. जुन्या लाउडस्पीकरचा चुंबक चेंबरच्या आत कदापि टाकू नये. तो ठिसूळ असतो आणि त्याचा तुकडा तुटल्यास तोच घात करील.

नट बसविणे शक्य नसेल तर सोपा उपाय आहे. चुंबक पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तो काढलेल्या तेलात सावकाश फिरवावा. कीस पिशवीला चिकटेल. मग पिशवी कागदावर धरून चुंबक बाहेर काढला की कीस कागदावर पडतो आणि उजेडात नीट पाहता येतो.

तेल बदलण्याची सोपी रीत

वाहन सपाट जागी उभे करून चाकांना उटी लावावी. केवळ जॅकवर उचललेल्या वाहनाखाली कोणीही शिरू नये. तेल कोमट असताना सोडावे. थंड तेल सावकाश उतरते व गाळ मागे राहतो, कढत तेलाने हात भाजतो. तेल भरण्याचे टोपण आधी उघडावे. नट पुसून चुंबक तपासावा, नवे वायसर घालून नट बेताने आवळावा. ॲल्युमिनियमच्या चेंबरचे आटे जोर केल्यास तुटतात. नव्या फिल्टरच्या रबरी कड्यास तेलाचे बोट फिरवून तो हाताने बसवावा. तेल भरल्यावर इंजिन थोडा वेळ मंद चालवून बंद करावे आणि काही मिनिटांनी पट्टीवर तेलाची पातळी पाहावी.

ट्रकमध्ये तेल अधिक असते. म्हणून काही जण नटाच्या जागी तोटी बसवितात व रबरी नळीने तेल थेट डब्यात सोडतात. त्यामुळे काम स्वच्छ होते. मात्र तोटी चेंबरच्या खाली लोंबणारी नसावी व तिला कुलूपकडी असावी. अन्यथा दगडाचा मार लागून ती उघडू शकते. तोटी बसविली की त्या छिद्रात चुंबकाचा नट राहत नाही. अशा वेळी पिशवीची रीत वापरावी.

कीस काय सांगतो?

१. मलमासारखा बारीक करडा लेप : नेहमीची झीज. नव्या इंजिनात प्रथम तो अधिक दिसतो.
२. सुईसारखे तुकडे किंवा चकाकणारे पापुद्रे : मिस्त्रीस लवकर दाखवावे.
३. दात्याच्या तुकड्यासारखा मोठा कण : वाहन चालवू नये.
४. न चिकटणारी, वाळूसारखी कचकच : हवेच्या फिल्टरची नळी व पट्टा तपासावा. आपल्या भागातील धूळ इंजिनाची मोठी वैरी आहे.
५. न चिकटणारे पिवळे किंवा रुपेरी कण : बेअरिंग अथवा बुश तपासून घ्यावे.

तेल दुधाळ झाले तर त्यात पाणी उतरले आहे असे समजावे. पातळी वाढून डिझेलचा वास आला तर इंधन गळत आहे. डिझेल इंजिनाचे तेल काळे होणे हा मात्र दोष नव्हे. काजळी धरून ठेवणे हे त्याचे कामच आहे. चुंबक बसविला म्हणून तेल बदलण्याचा अवधी वाढवू नये. चुंबक काजळी, धूळ वा पाणी काढीत नाही. पुस्तिकेत दिलेले तास किंवा किलोमीटर हाच नियम समजावा.

काढलेले तेल जमिनीवर, ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये, जनावरांच्या जखमेसही लावू नये. २०१६च्या नियमांनुसार ते घातक कचऱ्यात मोडते. झाकणाच्या डब्यात साठवून ते नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यापर्यंत पोहोचेल असे पाहावे.

प्रत्येक वेळी तारीख, तास आणि चुंबकावर काय दिसले, हे वहीत लिहून ठेवावे. एका वेळच्या किसावरून फारसे कळत नाही. मागील दोन-तीन नोंदींशी ताडून पाहिले म्हणजे झीज वाढते आहे की काय, ते ध्यानात येते. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी गाळप हंगामापूर्वी आपल्या गावी एका ट्रॅक्टरवर ह्याचे प्रात्यक्षिक करून दाखवावे. त्यास एक चुंबक, एक पिशवी व एक पांढरा कागद एवढेच साहित्य पुरे होते.