‘पोरी बिघडल्या’ आणि उतरता जननदर

15 ते 19 या वयाच्या दर हजार मुलींमागे वर्षाला किती बाळे जन्मतात, त्या आकड्याला किशोरवयीन जननदर म्हणतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पहिल्या फेरीत, 1992-93 साली, भारतात तो 116 होता. पुढच्या फेऱ्यांत 107, 90, 51 असा उतरत 2019-21 मध्ये तो 43 वर आला. एकदाही वर चढलेला नाही. तरी लग्नाच्या पंगतीपासून एसटीच्या थांब्यापर्यंत एक वाक्य हमखास ऐकू येते : पूर्वी असे नव्हते, मोबाइल आले आणि पोरी बिघडल्या. बोलणाऱ्याच्या आजीला पहिले मूल कितव्या वर्षी झाले, हे मात्र कोणी विचारत नाही.

‘पूर्वी’ कसे होते, ते पाहायला कोकणातल्या गणपतीपुळ्याहून शेजारच्या मालगुंडात गेले तरी पुरते. तिथे जन्मलेल्या कवी केशवसुतांचे लग्न झाले तेव्हा ते चौदा-पंधरा वर्षांचे होते आणि नवरी जेमतेम आठ वर्षांची. त्या काळी यात कोणालाच वावगे वाटले नाही. 1891 मध्ये संमतिवय दहावरून बारावर नेण्याचा कायदा आला, तर रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांनीच त्याला विरोध केला. 1929 च्या सारडा कायद्याने मुलीच्या लग्नाचे वय 14 ठरवले. 18 व्हायला 1978 उजाडले.

मग किशोरवयीन मातृत्व वाढल्याचा भास होतो कशामुळे? बऱ्याच अंशी अठराच्या आतल्या मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या 2012 च्या पॉक्सो कायद्यामुळे. सतरा वर्षांची गरोदर मुलगी प्राथमिक आरोग्य केंद्रात आली की पूर्वी नोंदवहीत एक ओळ पडायची : नाव, नवऱ्याचे नाव, कितवा महिना. आता पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, म्हणजे गुन्हा दाखल होतो आणि वर्तमानपत्रात बातमी येते. बातम्या वाढल्या, बाळंतपणे घटली. शिवाय यातल्या कितीतरी मुलींच्या गळ्यात मंगळसूत्र असते. भारतात या वयातली मातृत्वे बहुतांश लग्नानंतरचीच. लग्नाआधीच्या घटना लपवल्या जातात हे खरे; पण लपवाछपवी आजीच्या काळीही होतीच, आणि उतार दिसतो तो लग्न लांबल्याने. अठराच्या आत लग्न झालेल्या 20 ते 24 वयाच्या स्त्रिया 2005-06 मध्ये 47.4 टक्के होत्या, 2019-21 मध्ये 23.3 टक्के. अमेरिकेतही किशोरवयीन जननदराचा उच्चांक 1957 चा आहे, हजारी 96. मोबाइल तर सोडाच, रंगीत टीव्हीसुद्धा तेव्हा घरोघरी नव्हता.

कुटुंब लहान तर आईही उशिरा, हा जरा शहाण्यासुरत्यांचा गैरसमज. 2019-21 मध्ये महाराष्ट्राचा एकूण जननदर, म्हणजे एका स्त्रीमागे सरासरी मुले, 1.7 होता, देशाच्या 2.0 पेक्षा कमी. पण सर्वेक्षणाच्या वेळी आई झालेल्या किंवा गरोदर असलेल्या 15 ते 19 वयाच्या मुली महाराष्ट्रात 7.6 टक्के, देशात 6.8. लवकर लग्न, लागोपाठ दोन मुले आणि मग नसबंदी, असा हा हिशेब आहे. (या टक्केवारीत कायद्याने सज्ञान असलेल्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीही येतात, हे वाचताना विसरू नये.)

राज्याची सरासरी वर ओढतो तो मुख्यतः कोकणाबाहेरचा मुलूख. परभणीत अठराच्या आतल्या लग्नांचे प्रमाण 48 टक्के, बीडमध्ये 43.7. बीडच्या ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो आणि उचल कोयत्यावर मिळते. लग्न लावले की नवा कोयता उभा राहतो. आईबाप सहा महिने फडावर असताना वयात आलेली मुलगी गावी कोणाच्या भरवशावर ठेवायची, हा प्रश्नही त्यातच सुटतो. यात मोबाइल कुठे आला?

आफ्रिकेत किशोरवयीन जननदर जैसे थे आहे, हेही चूक. सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत दर अजून हजारी 98 च्या घरात, जगात सर्वाधिक आहे. पण तिथेही तो 2000 सालच्या दरापेक्षा खाली आला आहे.

कोवळ्या वयात बाळंतपण सोपे जाते, असे अजून म्हटले जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते विशीच्या आतल्या मातांना झटक्यांचा आणि बाळंतरोगाचा धोका विशीतल्यांपेक्षा जास्त असतो.

बालविवाह आपोआप रद्द होतो, असे नाही. 2006 च्या कायद्यानुसार तो रद्द करून घ्यावा लागतो, आणि लग्नाच्या वेळी अज्ञान असलेल्याला सज्ञान झाल्यावरही दोन वर्षांपर्यंत तशी मुभा असते. लग्न थांबवायला तालुक्याला धावावे लागत नाही : महाराष्ट्राच्या खेड्यांत ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी, आणि 1098 वर फोन केला तरी चालतो.