पाटे वाढवले म्हणून गाडीची ताकद वाढत नाही
(पिकअप व जीप बाळगणाऱ्या सभासदांसाठी)



येरमाळा परिसरात आता बैलगाडीची बरीच कामे पिकअपवर आली आहेत. उसाचे बेणे, खताच्या गोण्या, दुधाचे कॅन, बार्शीच्या बाजाराला जाणारा भाजीपाला, सारे तिच्यावरच. अशी गाडी काही वर्षांत मागून बसू लागते, खड्ड्यात आदळते. मग कुणीतरी सांगतो, "दोन पाटे वाढवा आणि बिनघोर माल टाका." हा सल्ला खर्चाचा तर आहेच, पण घाटात तो जिवावरही बेतू शकतो. म्हणून पाटे, शॉकअप बदलण्याआधी थोडी माहिती असावी.

कोणता भाग काय करतो?

वजन पेलतो तो पाटा. शॉकअप वजन पेलत नाही. पाटा एकदा दबला की वर-खाली उसळत राहतो, ती उसळी मोडणे हे शॉकअपचे काम. त्याच्या नळीत तेल असते. दट्ट्या हलला की ते बारीक छिद्रांतून ढकलले जाते आणि उसळीचा जोर तिथे जिरतो. बुश म्हणजे सांध्यातले रबर. लोखंडावर लोखंड घासू नये म्हणून ते असते.

यावरून दुखणे ओळखता येते. रिकामी गाडी सपाट जागेवर एका बाजूला कललेली दिसली, तर पाटा थकला किंवा तुटला असे समजावे. खड्ड्यानंतर गाडी दोन-तीनदा डुलत राहिली, शॉकअपवर तेल ओघळलेले दिसले किंवा टायर ठिकठिकाणी खाल्लेले दिसले, तर शॉकअप गेला. नुसता खडखड आवाज येत असेल, तर आधी बुश आणि यू-बोल्ट पाहावेत. पुष्कळदा थोडक्या पैशांच्या बुशात काम भागते आणि लोक मात्र शॉकअपची जोडी घेऊन येतात.

पाटे वाढवल्याने काय होते?

पाट्याची जाडी थोडी वाढली तरी कडकपणा फार वाढतो. लांबी-रुंदी तीच ठेवून ८ मिलिमीटरऐवजी ९ मिलिमीटरचा पाटा घातला, तर तो सुमारे ४२ टक्के जास्त कडक होतो. तेव्हा "जरासा जाड आहे, चालेल" असे म्हणू नये. जुना पाटा मापून, तेवढ्याच जाडीचा व तेवढ्याच बाकाचा घ्यावा.

पाटे वाढले तरी ॲक्सल, बेअरिंग, टायर आणि ब्रेक तेच राहतात. माल जास्त बसतो, पण थांबवणारे हात तेवढेच! शिवाय काही पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलपासून चेसीपर्यंत एक दांडी आणि तिला जोडलेला व्हॉल्व्ह असतो. गाडी मालाने खाली बसली की हा व्हॉल्व्ह मागच्या चाकांना जास्त ब्रेक देतो. गाडी वर असली की ती रिकामी समजून ब्रेक कमी देतो. आपण पाटे कडक केले तर माल भरूनही गाडी खाली बसत नाही. व्हॉल्व्ह फसतो. मागचा ब्रेक कमी पडतो, सारा ताण पुढच्या ब्रेकवर येतो आणि तो तापतो. येरमाळ्याच्या घाटात, तेही चैत्र पौर्णिमेला येडेश्वरीच्या यात्रेची गर्दी असताना, याचा अर्थ काय होतो ते सांगायला नको. परतताना गाडी रिकामी असते. तेव्हा कडक पाट्यांमुळे मागची चाके खडबडीत वळणावर उड्या मारतात आणि रस्ता सोडतात.

कायदाही डोक्यात ठेवावा. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे जादा भारासाठी २० हजार रुपये दंड, वर प्रत्येक जादा टनाला २ हजार रुपये आणि माल उतरवण्याचा खर्च, अशी तरतूद आहे. वजन मोजताना आरसी बुकातला आकडा पाहतात, पाटे कोणी मोजत नाही.

माल कोणता घ्यावा?

बाहेरचा माल म्हणजे हलका, असे नाही. गाडी बनवणाऱ्या कंपन्या हे भाग बऱ्याच वेळा दुसऱ्या कारखान्यांकडून घेतात. उदाहरणार्थ, गॅब्रिएल ही १९६१ साली मुंबईत सुरू झालेली कंपनी मोटार कंपन्यांना शॉकअप पुरवते आणि आपल्या नावाच्या खोक्यातही विकते. हरियाणातील यमुनानगरच्या जमना ऑटोचे पाटे ट्रक कंपन्यांकडे जातात. अशा नावाजलेल्या कारखान्यांचा माल पक्क्या बिलावर घ्यावा. नुसते "पिकअपचा द्या" म्हणू नये. मॉडेल, साल आणि जुन्या भागावरचा नंबर सांगावा.

गॅसचा शॉकअप महाग असतो. त्यातल्या वायूच्या दाबामुळे तेलाला फेस येत नाही, म्हणून लांब खराब रस्त्यावर तो बरा. रोजच्या शेत-गाव फेऱ्यांना साधा तेलाचा पुरतो.

बसवताना ध्यानात ठेवा

(१) एका ॲक्सलचे दोन्ही शॉकअप एकदम बदला. एक नवा, एक जुना असेल तर गाडी ओढते.
(२) तुटलेला पाटा वेल्डिंग करून घेऊ नका. भट्टीत लाल करून वाकवलेलाही नको. त्याचे पाणी उतरते आणि तो पुन्हा तुटतो.
(३) पाट्यांबरोबर यू-बोल्ट आणि सेंटर बोल्ट नवे घाला. शे-दोनशे किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्या.
(४) रबरी बुशाचे बोल्ट गाडी जॅकवर टांगलेली असताना पक्के आवळू नका. चाके जमिनीवर टेकवून आवळा, नाहीतर रबर पिळून लवकर फाटते.
(५) पुढचे काम झाल्यावर चाकांचे अलाइनमेंट करून घ्या.

गाडी वारंवार बसत असेल, तर पाटे वाढवण्याआधी माल किती भरतो ते एकदा वजनकाट्यावर पाहावे. आकडा जास्त निघाला तर एकाच्या दोन फेऱ्या कराव्यात. डिझेल थोडे जास्त लागेल, पण गाडी आणि तिच्यावरचा माणूस, दोन्ही धड घरी येतील.