कॉफी न पिणारे सर

अमेरिकेतला एखादा वर्ग डोळ्यांसमोर आणा. नवे सर कॉफी घेत नाहीत, कधी शिवी देत नाहीत, घरी पाच मुलं. मागच्या बाकावर कुजबुज सुरू होते, "सर मॉर्मन असणार!" मग हसत हसत, "बायका किती असतील?" सरांना हे ऐकू जातं.

आता हा अंदाज तपासू या. जोसेफ स्मिथ यांनी १८३० मध्ये हा पंथ स्थापन केला. त्यांच्यात चहा, कॉफी, दारू, तंबाखू वर्ज्य. म्हणजे मुलांचं निरीक्षण अगदीच हवेतलं नाही. पण मॉर्मन कॉफी पीत नाहीत म्हणून कॉफी न पिणारा प्रत्येकजण मॉर्मन ठरतो का? पित्ताचा त्रास असणारेही कॉफी टाळतात. (आपल्या स्टाफरूममध्ये चहा नाकारणाऱ्याला आपण आधी पित्ताचंच विचारतो ना!) यूटा राज्यात या पंथाचे लोक भरपूर, तिथे अंदाज बरोबर निघेलही. पण अख्ख्या अमेरिकेत ते शंभरात साधारण दोनच.

बायकांचा प्रश्न तर निव्वळ ऐकीव. मुख्य चर्चने १८९० मध्येच बहुपत्नीत्व थांबवल्याचं जाहीर केलं. आज तसं करणाऱ्याला चर्चमधून काढून टाकतात. फुटून निघालेले काही छोटे गट ती प्रथा पाळतात, आणि लोकांच्या लक्षात नेमके तेच राहतात.

तुमच्या वर्गात कुणाबद्दल असा अंदाज कानावर आला तर लगेच रागावू नका. कॉफीची ती दोन वाक्यं फळ्यावर लिहा आणि विचारा, "कॉफी न पिणारं आणखी कोण कोण आठवतं?" यादी मुलंच करतील.