आवडता खेळाडू हरतो तेव्हा...

विजयाच्या दिवशी सारेच चाहते असतात. खऱ्या चाहत्याची कसोटी लागते ती पराभवाच्या दिवशी. पन्नासहून अधिक वर्षे क्रिकेटवर जीव लावणाऱ्या एका घराची ही गोष्ट. ती कदाचित तुमच्याही घराची असेल.

इंदूरच्या आमच्या घरात कपाटावर पत्र्याची एक जुनी ट्रंक आहे. तिच्यात दागिने नाहीत की घराचे कागदपत्र नाहीत. आहेत ती वर्तमानपत्रांची पिवळी पडलेली कात्रणे आणि शाळेच्या वह्या. त्या वह्यांमध्ये गणितांऐवजी धावफलक उतरवलेले आहेत. ही ट्रंक बाबांची. दिवाळीच्या साफसफाईत आई दरवर्षी ती रद्दीवाल्याला देण्याची धमकी देते, आणि दरवर्षी स्वतःच्याच हाताने पुसून पुन्हा कपाटावर ठेवते.

बाबांचा जन्म इंदूरचा. क्रिकेटचे वेड या गावाच्या पाण्यातच आहे. होळकर संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला, तो कर्नल सी. के. नायडू आणि मुश्ताक अली यांच्या काळात. बाबांच्या लहानपणी त्यांचे किस्से सांगणारी माणसे प्रत्येक गल्लीत होती. रेडिओवर हिंदीतून धावते समालोचन करणारे सुशील दोशीही इंदूरचेच. अशा गावातला मुलगा क्रिकेटवेडा झाला नसता तरच नवल!

हत्तीण आणि विजय बल्ला

१९७१ साली बाबा चौदा वर्षांचे होते. अजित वाडेकर यांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ वेस्ट इंडीजला गेला आणि तिथे प्रथमच कसोटी मालिका जिंकून आला. दिलीप सरदेसाई यांनी ६४२ धावा काढल्या. सुनील गावसकर या एकवीस वर्षांच्या तरुणाने पहिल्याच मालिकेत, अवघ्या चार कसोटींत ७७४ धावांचा डोंगर रचला. बाबांच्या वहीत त्या प्रत्येक डावाची नोंद आहे. पोर्ट ऑफ स्पेनच्या विजयाभोवती लाल पेन्सिलीची चौकट आहे.

त्याच वर्षी २४ ऑगस्टला ओव्हलवर भारताने इंग्लंडला त्यांच्याच भूमीत पहिल्यांदा हरवले. भागवत चंद्रशेखर यांचा उजवा हात लहानपणी पोलिओने अशक्त झाला होता. त्याच हाताने त्यांनी ३८ धावांत ६ बळी घेतले आणि इंग्लंडचा डाव १०१ धावांत आटोपला. त्या दिवशी गणेश चतुर्थी होती आणि मैदानावर बेला नावाची एक हत्तीण आणण्यात आली होती. ही बातमी बाबांनी वाचून दाखवली तेव्हा आजीने म्हणे देवापुढे पुन्हा एकदा निरांजन लावले. ‘‘बाप्पा स्वतः गेला होता रे, मग कसे हरतील?’’

या विजयांची आठवण म्हणून इंदूरने काँक्रीटची एक भलीमोठी बॅट उभारली. नाव ठेवले ‘विजय बल्ला’. पाहुणे आले की त्यांना राजवाडा दाखवायचा, पोहे-जिलबी खिलवायची आणि मग विजय बल्ल्यापाशी न्यायचे, हा बाबांचा ठरलेला कार्यक्रम होता.

बेचाळीस धावांचा डाग

पुढे तीन वर्षे गेली. १९७४ च्या जून महिन्यात लॉर्ड्सवर भारताचा दुसरा डाव अवघ्या ४२ धावांत संपला. तीनही कसोटी हरून संघ परतला. ज्या वाडेकरांनी लागोपाठ तीन मालिका जिंकून दिल्या होत्या, त्यांच्या मुंबईतल्या घरावर दगड पडले. ते पुन्हा कधीच कसोटी खेळले नाहीत. आणि इंदूरमध्ये ज्या हातांनी विजय बल्ल्याला हार घातले असतील, त्याच गावातल्या हातांनी तो विद्रूप केला.

ही हकीकत बाबांनी आम्हाला अनेक वर्षे सांगितलीच नव्हती. १९७१ चे सगळे किस्से तोंडपाठ असलेला माणूस १९७४ चे नाव निघाले की चहाला उठायचा. त्याचे कारण मला कळले ते २००७ साली.

त्या वर्षी मी सतरा वर्षांचा होतो. माझा देव होता राहुल द्रविड. तो मराठी घरातला, शिवाय जन्म इंदूरचा! एवढे माझ्यासाठी पुरेसे होते. पण खरे वेड लागले ते मार्च २००१ मध्ये. त्याआधीच्या वर्षी सामना-निश्चितीचे प्रकरण बाहेर आले होते आणि बाबांनी क्रिकेट बघणेच सोडून दिले होते. ‘‘पत्ते आधीच लावलेले असतील तर डाव कशाला बघायचा?’’ एवढेच ते म्हणत. कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर भारताला फॉलोऑन मिळाला तेव्हा दहा वर्षांचा मी एकटाच टीव्हीसमोर होतो. चौथ्या दिवशी व्ही. व्ही. एस. लक्ष्मण आणि द्रविड सकाळी खेळायला उतरले, ते दिवसभर बाद झालेच नाहीत. दुपारी बाबा वर्तमानपत्र घेऊन खुर्चीत येऊन बसले. चहापानानंतर वर्तमानपत्र मांडीवर आले. संध्याकाळी त्यांनी ट्रंक खाली काढली आणि एक कोरी वही माझ्या हातात दिली. लक्ष्मण २८१, द्रविड १८०, भागीदारी ३७६ धावांची. सलग सोळा कसोटी जिंकून आलेला ऑस्ट्रेलियाचा संघ १७१ धावांनी हरला. हरभजन सिंगने सामन्यात तेरा बळी घेतले. माझ्या अक्षरातला तो पहिला धावफलक.

मी फाडलेले चित्र

आणि मग आला २००७ चा विश्वचषक. कप्तान द्रविड. मैदान पोर्ट ऑफ स्पेनचेच, जिथल्या विजयाला बाबांनी लाल चौकट केली होती. तिथे भारत आधी बांगलादेशकडून आणि नंतर श्रीलंकेकडून हरला आणि पहिल्याच फेरीत बाहेर पडला. देशभर संतापाची लाट उसळली. रांचीत महेंद्रसिंग धोनीच्या बांधकाम चालू असलेल्या घरावर जमाव चालून गेला. मी माझ्या खोलीत गेलो, भिंतीवरचे द्रविडचे चित्र ओरबाडून काढले आणि त्याचे तुकडे केले.

बाबा दारात उभे होते. मला वाटले, ओरडतील. पण ते पलंगावर बसले आणि चित्राचे तुकडे गोळा करू लागले.

‘‘विजय बल्ल्याची गत झाली ना, तेव्हा मीही सतराच वर्षांचा होतो,’’ ते म्हणाले. ‘‘दुसऱ्या दिवशी सायकल काढून बघायला गेलो. आणि खरं सांगू? मला बरं वाटलं रे. मनात म्हटलं, बरी जिरली यांची! हे वाडेकरांबद्दल वाटलं. ज्यांच्यासाठी मी रात्ररात्र रेडिओला कान लावून बसलो होतो, त्यांच्याबद्दल.’’

मग ते बराच वेळ बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, ‘‘त्या मनाची लाज वाटायला मला सहा वर्षं लागली. तुला तेवढी लागू नयेत.’’

ती लाज वाटायला कारणीभूत झाले गुंडाप्पा विश्वनाथ. १९८० च्या फेब्रुवारीत मुंबईत इंग्लंडविरुद्ध सुवर्णमहोत्सवी कसोटी होती. इंग्लंडचे पाच फलंदाज ५८ धावांत परतले होते. पंचांनी बॉब टेलरला झेलबाद ठरवले. पण बॅटला चेंडू लागलाच नव्हता, अशी कप्तान विश्वनाथची खात्री पटली. त्यांनी टेलरला परत बोलावले. टेलर आणि इयान बोथम यांनी मग मोठी भागीदारी केली आणि भारत दहा गड्यांनी हरला.

‘‘सामना गेला,’’ बाबा सांगत होते, ‘‘पण रेडिओ बंद करताना मी रडलो नाही की चिडलो नाही. पहिल्यांदाच वाटलं, आपला माणूस हरला म्हणजे लहान झाला असं नसतं. त्या दिवसापासून मी धावा मोजतो, पण माणूस धावांनी मोजत नाही.’’

बाबांच्या ट्रंकेत सर्वांत वर विश्वनाथची कात्रणे आहेत ती म्हणून. खुद्द गावसकरही त्यांचे चाहते. त्यांनी आपल्या मुलाच्या नावात तीन आवडते खेळाडू गुंफले आहेत. कन्हाईवरून रोहन आणि जयसिंहा व विश्वनाथवरून जयविश्व. विक्रमांचा राजाही कुणाचा तरी चाहता असतो, आणि विश्वनाथ तर नात्याने त्यांचे मेहुणेच.

त्या रात्री आम्ही दोघांनी चिकटपट्टी लावून द्रविडचे चित्र जोडले. ते वेडेवाकडे चित्र आजही ट्रंकेत आहे.

खेळ पुढे जातो

बाबांचे म्हणणे किती खरे होते, ते काळानेच दाखवले. ज्या धोनीच्या घरावर मार्चमध्ये जमाव चालून गेला, त्याच्याच नेतृत्वाखाली सहा महिन्यांत भारताने पहिला ट्वेंटी-२० विश्वचषक जिंकला. २ एप्रिल २०११ च्या रात्री वानखेडेवर त्याने मारलेला विजयी षटकार आपल्यापैकी कोण विसरेल?

द्रविडला मात्र थांबावे लागले. खेळाडू म्हणून विश्वचषक त्याच्या हाती आलाच नाही. पण २९ जून २०२४ रोजी रोहित शर्माच्या संघाने बार्बाडोसला ट्वेंटी-२० विश्वचषकाचा अंतिम सामना ७ धावांनी जिंकला, तेव्हा प्रशिक्षक होता द्रविड. पुन्हा वेस्ट इंडीजच! विराट कोहलीने चषक त्याच्या हाती दिला आणि एरवी मौन पाळणारा तो माणूस आनंदाने गर्जून उठला. फोनवर पलीकडे बाबा होते. मी काही बोलण्याआधीच म्हणाले, ‘‘ते चिकटवलेलं चित्र काढून टेबलावर ठेवलंय.’’

आज दगडांची जागा मोबाइलने घेतली आहे. एक झेल सुटला की क्षणात हजारो लोक खेळाडूला नको नको ते बोलतात. त्याच्या घरच्यांनाही सोडत नाहीत. दगड निदान उचलावा तरी लागायचा!

म्हणूनच गेल्या दिवाळीचा प्रसंग सांगावासा वाटतो. १९ ऑक्टोबर २०२५ रोजी इंदूरच्या होळकर स्टेडियममध्ये महिला विश्वचषकाचा भारत-इंग्लंड सामना होता. आम्ही इंदूरलाच होतो. माझ्या नऊ वर्षांच्या मुलीची लाडकी खेळाडू सांगलीची स्मृती मानधना. आजोबा नातीला घेऊन गेले. स्मृतीने ८८ धावा काढल्या, विजय हाताशी आला आणि ती बाद झाली. भारत चार धावांनी हरला. सलग तिसरा पराभव! आजूबाजूची माणसे चरफडत उठली. मुलगी डोळे पुसत म्हणाली, ‘‘आजोबा, चला ना घरी.’’

बाबा उठले, पण निघाले नाहीत. ‘‘थांब पिल्लू. आधी टाळ्या वाजवायच्या, मग जायचं.’’ ती दोघे उभी राहून टाळ्या वाजवत होती, असे तिनेच रात्री आम्हाला सांगितले.

त्या सामन्यात जेमिमा रॉड्रिग्जला संघातून वगळले होते. अकरा दिवसांनी तिनेच उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ धावा करून ३३९ धावांचे लक्ष्य गाठून दिले. मधल्या दिवसांत आपण किती रडलो, हे तिने सामन्यानंतर मोकळेपणाने सांगितले. २ नोव्हेंबरला नवी मुंबईत दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून भारताच्या मुलींनी विश्वचषक उंचावला. मग तो त्यांनी झुलन गोस्वामी आणि मिताली राज यांच्या हाती दिला. आयुष्यभर खेळूनही या दोघींना तो मिळाला नव्हता. प्रशिक्षक होते अमोल मुजुमदार. १९८८ साली शालेय सामन्यात सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी ६६४ धावांची भागीदारी करत होते, तेव्हा पॅड बांधून आपली पाळी येण्याची वाट बघत बसलेला मुलगा तो हाच. प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा करूनही भारतीय संघात त्यांची पाळी कधी आलीच नाही. पण त्या रात्री ती आली.

माझ्या मुलीने आता स्वतःची वही केली आहे. तिचे पहिले पान अंतिम सामन्याचे असेल असे मला वाटले होते. पण त्या पानावर तारीख आहे १९ ऑक्टोबर. खाली धावफलक आणि त्याखाली तिच्या वळणदार अक्षरात एकच ओळ : ‘आपण हरलो. आजोबा आणि मी टाळ्या वाजवल्या.’

पानाभोवती लाल पेन्सिलीची चौकट आहे. पेन्सिल अर्थातच आजोबांची.